लिनक्स टाकताना नेमकं कुठे अडतं?

“लिनक्स टाकायला घेतलं होतं, पण काहीच होत नाहीये.” नात्यागोत्यात आणि सोसायटीत ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस’ अशी एकदा ख्याती झाली की असे फोन नेमके जेवणाच्या वेळी येतात. मी विचारतो, “काहीच म्हणजे काय?” उत्तर येतं, “काहीच म्हणजे काहीच!” मग खोदून खोदून विचारल्यावर कळतं, की पेन ड्राइव्ह लावूनही थेट विंडोजच उघडतंय. दुसऱ्या कुणाच्या ‘काहीच’चा अर्थ असतो, लोगो येतो आणि मग स्क्रीन काळी पडते. तिसऱ्याला हार्ड डिस्कच दिसत नसते. चौथ्याचं सगळं व्यवस्थित बसलेलं असतं, फक्त वाय-फाय लागत नसतं, आणि तेवढ्यावरून त्याने ‘लिनक्स बेकार’ असा निकाल देऊन टाकलेला असतो.

ही चार वेगळी दुखणी आहेत. नवी ऑपरेटिंग सिस्टीम टप्प्याटप्प्याने बसते. आधी पेन ड्राइव्ह तयार होतो. मग लॅपटॉपचं बायोस तो उचलतं, मग पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स चालू होतं, मग ते डिस्कवर उतरतं आणि शेवटी डिस्कवरून पहिल्यांदा उघडतं. मशीन कुठपर्यंत धड चाललं होतं ते नीट पाहिलं, की बिघाड बहुधा त्याच्या लगतच्या टप्प्यातच सापडतो. दुकानात नेऊन ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणायची वेळ सहसा येत नाही.

हे फोन वाढले त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा. माझ्या बहिणीचा २०१६चा लॅपटॉप ठणठणीत आहे, पण या नियमात बसत नाही. अशा यंत्रांसाठी मी लिनक्स मिंट सुचवतो. खालची उदाहरणं मिंटच्या २२ व्या आवृत्तीची आहेत. ती उबंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. २ जीबी रॅमवर ती चालते, पण सुखाने चालायची तर ४ जीबी हवी. उबंटू टाकणाऱ्यांचे घोळही जवळजवळ हेच असतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुमचं पोट टॅलीवर, श्रीलिपीतल्या डीटीपीवर किंवा डिजिटल सिग्नेचरच्या टोकनवर चालत असेल, तर विंडोज पुसू नका. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा, नाहीतर दुसऱ्या मशीनवर प्रयोग करा. लिनक्समध्ये यांची सोय लावताना जो वेळ जातो, तो मार्च अखेरीला परवडत नाही.

सुरुवातीच्या आधी

फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमधले पासवर्ड यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. ‘काढून’ हा शब्द मी अनुभवाने लिहितोय. एकदा बाहेरची डिस्क लॅपटॉपला लावलेलीच राहिली आणि इन्स्टॉलरने दाखवलेल्या यादीत मी घाईने तिच्यावरच बोट ठेवलं. भाचीच्या बारशाचे निम्मे फोटो नंतर कसेबसे परत मिळाले. उरलेल्या निम्म्यांचा विषय बहीण अजूनही राखीपौर्णिमेला काढते.

दुसरी तयारी लोकांना माहीतच नसते. बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्कला आपोआप कुलूप लागतं. त्याचं नाव बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन. रोजच्या वापरात ते जाणवत नाही. पण बायोसमधली एखादी सेटिंग हलली, की विंडोज निळी स्क्रीन दाखवून ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. दुसऱ्या कुठल्याही मोबाइलवरून खात्यात जाऊन ती आधीच कागदावर उतरवून घ्या. ज्या लॅपटॉपला कुलूप आहे त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ती साठवणारेही भेटले आहेत.

पेन ड्राइव्ह: निम्मे घोळ इथेच

मिंटची आयएसओ फाइल जवळपास ३ जीबीची असते. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. ती फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट केली तर तिचा उपयोग शून्य. मशीनला त्यात सुरू करण्याजोगं काहीच सापडत नाही आणि ते मुकाट्याने विंडोजकडे वळतं. रूफस किंवा बलेना एचर यांपैकी एका छोट्या सॉफ्टवेअरने ती ‘लिहावी’ लागते. रूफस मध्येच विचारतं, आयएसओ पद्धतीने लिहू की डीडी पद्धतीने? पहिल्या खेपेला आयएसओ निवडा. पेन ड्राइव्ह चालू होऊन पुढे अडखळला तर दुसऱ्या खेपेला डीडी.

लिहून झाल्यावर विंडोज कधीकधी म्हणतं, ‘ही डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करू का?’ इथे नकार द्यायचा. विंडोजला लिनक्सची मांडणी कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सवयीने ‘हो’ दाबून केलेलं सगळं काम पुसणारे कमी नाहीत.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून फाइल उतरवली असेल तर तिची खातरजमा कराच. मिंटच्या संकेतस्थळावर प्रत्येक फाइलसोबत एसएचए-२५६ नावाची ६४ अक्षरांची खूण दिलेली असते. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून तीच खूण आपल्या संगणकावर काढता येते. दोन्हींची पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं जुळली तरी आपल्या कामापुरतं भागतं. जुळली नाहीत तर फाइल पुन्हा उतरवा. अर्धवट फाइलचा त्रास असा, की ती कधी सुरुवातीलाच रुसते, तर कधी डिस्कवर उतरताना सत्तर टक्क्यांवर. आणि मग आपण बिचाऱ्या हार्ड डिस्कला बोल लावतो.

फाइल बरोबर असूनही दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडत असेल तर पेन ड्राइव्ह बदला. रस्त्यावर दोनशे रुपयांत मिळणारा ‘५१२ जीबी’चा पेन ड्राइव्ह ५१२ जीबीचा नसतो, हे वेगळं सांगायला नको.

बायोसशी झटापट

आता लॅपटॉप बंद करून पेन ड्राइव्हवरून चालू करायचा. इथली मेख म्हणजे विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केलं तरी लॅपटॉप पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअप नावाची सोय त्याला अर्धवट झोपवते, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठतो. या झोपेत काही मशीन कळा दाबलेल्या ऐकतच नाहीत. वर डिस्कही ‘वापरात आहे’ अशीच नोंद राहते, म्हणून पुढे लिनक्स तिला हात लावायला नकार देतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ही सोय बंद करा.

कळ दाबायची कुठली? डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९, असुसवर एस्केप. एसरवरही एफ १२, पण तो मेनू अनेकदा मुळातच बंद ठेवलेला असतो. आधी एफ २ ने बायोसमध्ये शिरून तो चालू करावा लागतो. काही कीबोर्डवर सोबत एफएन ही कळही दाबून धरावी लागते. कळ दाबून ठेवू नका. पॉवरचं बटण दाबल्या क्षणापासून टकटक करत राहा. हे जमत नसेल तर आडवाट आहे. विंडोज चालू असताना शिफ्ट दाबून धरा आणि ‘रिस्टार्ट’वर क्लिक करा. पुढच्या निळ्या मेनूत ‘यूज अ डिव्हाइस’ येतं, तिथे पेन ड्राइव्ह निवडा. मी आता फोनवर हीच वाट सांगतो, जेवण गार होत नाही.

मेनूत एकच पेन ड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ असं लिहिलेला आणि एकदा नुसता. ही निवड दिसते क्षुल्लक, पण पुढे फार छळते. तुमचं विंडोज यूईएफआय पद्धतीने बसलेलं असेल आणि तुम्ही लिनक्स जुन्या लेगसी पद्धतीने सुरू केलंत, तर सगळं सुरळीत होत जातं आणि अगदी शेवटी ‘ग्रब इन्स्टॉल करता आलं नाही’ असा लाल फलक झळकतो. तासाभराची मेहनत पाण्यात. विंडोजमधल्या ‘सिस्टम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’ ही ओळ असते. ती आधी बघून ठेवा आणि तीच पद्धत निवडा.

‘सिक्युअर बूट बंद करा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो घाईचा वाटतो. मिंट आणि उबंटू दोन्ही सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतात. ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ किंवा ‘एसबॅट’ असे शब्द दिसले तरच तिकडे वळा. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुन्या लिनक्स बूटलोडरांना असंच दारातून परत पाठवलं होतं आणि दोन्ही सिस्टीम ठेवणारे पुष्कळ जण अडकले होते. तेव्हा वर्षापूर्वीचा तयार पेन ड्राइव्ह मित्राकडून आणला असेल, तर सेटिंग उलटीपालटी करण्याआधी ताजी आयएसओ वापरून पाहा.

काळी स्क्रीन

लोगो आला आणि मग अंधार. पहिलं औषध म्हणजे पाच मिनिटं थांबणं. जुन्या यूएसबी पोर्टवर पेन ड्राइव्ह वाचायला वेळ लागतो. पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. तरीही काही दिसलं नाही तर बहुधा ग्राफिक्स कार्डाचा रुसवा असतो, त्यातही एनव्हिडियाचं कार्ड असलेल्या मशीनवर. पुन्हा सुरू करा आणि पहिल्या मेनूत ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा. उबंटूत त्याला ‘सेफ ग्राफिक्स’ म्हणतात. चित्र थोडं ओबडधोबड दिसेल, चालेल. लिनक्स डिस्कवर बसल्यानंतर ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून योग्य ड्रायव्हर टाकला की ठीक होतं.

डेस्कटॉप दिसला की ‘इन्स्टॉल’च्या चिन्हावर लगेच झडप घालू नका. आत्ता लिनक्स फक्त पेन ड्राइव्हवरून चालतंय, तुमच्या डिस्कला अजून धक्काही लागलेला नाही. अर्धा तास वापरून बघा. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, स्क्रीनचा उजेड कमीजास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर जागं होतं का. वेग मात्र आत्ता जोखू नका, पेन ड्राइव्हवरून कुठलीही सिस्टीम मंदच असते.

वाय-फाय लागलं, पण प्रत्येक संकेतस्थळ ‘असुरक्षित’ म्हणून ब्राउझर अडवत असेल, तर कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या मशीनमधला सीआर २०३२ हा बटणासारखा सेल संपला, की घड्याळ भलत्याच वर्षात जाऊन बसतं आणि सुरक्षेची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटू लागतात. नवा सेल घड्याळवाल्याकडे मिळतो. लॅपटॉप उघडायची मात्र सवय नसेल तर तेवढं काम दुकानात द्या.

डिस्क

इथे चुकलं तर परत फिरता येत नाही, म्हणून हा टप्पा सकाळी, चार्जर लावून आणि शक्यतो घरात कुणी घाई करत नसताना उरका. ‘इरेज डिस्क’ म्हणजे विंडोजसकट सगळं साफ. ‘इन्स्टॉल अलाँगसाइड’ म्हणजे विंडोजच्या शेजारी जागा करून. शेजारी बसवायचं असेल तर जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन आधी मोकळी करा. निदान ५० जीबी ठेवा. आपल्या घराची भिंत कुठे सरकवता येते ते विंडोजला जास्त चांगलं कळतं.

‘अलाँगसाइड’चा पर्यायच येत नाही, ही नेहमीची तक्रार. वर सांगितलेली अर्धवट झोप, बिटलॉकरचं कुलूप, किंवा जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर चारही प्रायमरी पार्टिशन आधीच वापरलेली असणं, यांपैकी एक कारण निघतं. पहिली दोन कारणं विंडोजमध्ये परत जाऊन दूर करता येतात. तिसरं असेल तर नवख्याने तिथेच थांबून जाणत्याला बोलवावं.

डिस्क यादीत दिसतच नसेल तर ती मेली असं समजू नका. अनेक इंटेल लॅपटॉपवर डिस्क ‘आरएसटी’ किंवा ‘व्हीएमडी’ नावाच्या व्यवस्थेमागे लपवलेली असते. बायोसमध्ये ती बदलून ‘एएचसीआय’ करावी लागते. विंडोज पुसायचंच असेल तर खुशाल बदला. ठेवायचं असेल तर क्रम पाळा. आधी रिकव्हरी की हाताशी घ्या. मग विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून पुढचं बूट सेफ मोडमध्ये होईल असं ठरवा. मग बायोसमध्ये एएचसीआय करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या आणि नंतर एमएसकॉन्फिगमधली सेफ मोडची खूण काढून टाका. सेफ मोडची पायरी गाळली तर विंडोज उघडेनासं होतं आणि लोक म्हणतात, लिनक्सने विंडोज उडवलं.

उतरवणं चालू असताना पट्टी भाषेच्या फायलींपाशी खिळून राहिली, तर बहुतेक वेळा दोष आपल्या इंटरनेटचा असतो. ‘स्किप’ दाबा. मी तर हल्ली नेट बंद ठेवूनच लिनक्स बसवतो आणि अपडेट सावकाश नंतर घेतो.

बसलं, पण…

रिस्टार्ट केलं आणि पुन्हा विंडोजच आलं? लिनक्स कुठे गेलेलं नाही. बायोसच्या बूट ऑर्डरमध्ये विंडोज अजून पहिलं आहे, एवढंच. यादीत ‘मिंट’ शोधत बसू नका, तिथे ते ‘उबंटू’ या नावाने दिसतं. ते वर सरकवा. तिथेही सापडलं नाही तर पेन ड्राइव्हवरून पुन्हा मिंट चालू करा. त्याच्या मेनूत ‘बूट रिपेअर’ नावाचं साधन आहे, त्याने सुचवलेली दुरुस्ती करू द्या.

कधी पहिल्याच रिस्टार्टला इंग्रजीत ‘परफॉर्म मॉक मॅनेजमेंट’ अशी निळी स्क्रीन येते. काही सेकंदांत कळ दाबली नाही तर ती निघून जाते. लोक तिला बिघाड समजून घाबरतात. ती तुमच्याच ड्रायव्हरची ओळखपरेड आहे. ‘एनरोल मॉक’ निवडा आणि बसवताना ठरवलेला पासवर्ड द्या. ती हुकली तर सिक्युअर बूट त्या ड्रायव्हरला आत घेत नाही आणि वाय-फाय किंवा ग्राफिक्स बंद राहतं. ड्रायव्हर पुन्हा टाकला की सहसा ती स्क्रीन परत येते. नाहीच आली, तर आता सिक्युअर बूट बंद करायला माझी हरकत नाही.

वाय-फाय मुळातच दिसत नसेल, विशेषतः ब्रॉडकॉमची चिप असेल, तर पेच असा की ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर. अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्स त्याला तारेचं इंटरनेट समजतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा. फक्त त्याच वेळी सगळे अपडेट सुरू करू नका, नाहीतर रोजचा दीड जीबी नाश्त्याआधीच संपेल.

दोन्ही सिस्टीम ठेवल्यावर विंडोजचं घड्याळ कधीकधी बरोबर साडेपाच तास मागे पडतं. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्याच आकड्याला भारतीय वेळ समजतं. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर सेल बदलू नका. विंडोजमध्ये वेळ आपोआप जुळवण्याची सोय चालू करा. तरी पुन्हा बिघडली, तर लिनक्सलाही स्थानिक वेळ पाळायला सांगणारी एका ओळीची आज्ञा आहे, ती मिंटच्या जाणकाराकडून घ्या.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारत या गटाखाली मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट येत असेल तर बोटं तीच, कळा त्याच. जोडाक्षरं नीट दिसतात. जुन्या श्रीलिपी किंवा तत्सम फाँटमधल्या फायली मात्र अगम्य चिन्हांनी भरलेल्या दिसतील. त्यात लिनक्सचा दोष नाही, तो मजकूर युनिकोडमध्ये नाही. विंडोज पुसण्यापूर्वीच तो बदलून घेतलेला बरा.

एवढं करूनही अडलंत आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर ‘होत नाहीये’ म्हणू नका. लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, कुठला टप्पा, आणि स्क्रीनवरची शेवटची ओळ सांगा. मोबाइलने तिचा फोटो काढा, पण तिरका आणि फ्लॅश मारून नको. शेवटी कुठली सेटिंग बदलली तेही सांगा. एका वेळी एकच बदलली असेल तर हे आठवतं, पाच बदलल्या असतील तर नाही.

आणि तो पेन ड्राइव्ह काम झालं म्हणून लगेच गाणी भरायला घेऊ नका. महिनाभर तसाच ठेवा, वर चिकटपट्टी लावून ‘मिंट’ लिहा. उद्या काही उघडेनासं झालं तर आतला डेटा बाहेर काढायला तोच लागणार आहे. त्याच्या शेजारी मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने केलेला विंडोजचा दुसरा पेन ड्राइव्ह असू द्या. विंडोज १० सोबतच विकत घेतलेल्या लॅपटॉपची परवान्याची की बहुधा बायोसमध्येच कोरलेली असते. त्यामुळे मन बदललं तर परत जाण्यासाठी नवं विंडोज विकत घ्यावं लागत नाही. बहिणीच्या घरी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये असे दोन्ही पेन ड्राइव्ह एका रबरबँडमध्ये बांधून ठेवले आहेत, रिकव्हरी कीच्या कागदासकट.